पहाटेचा व्यायाम अंगवळणी पाडताना

रात्री दहा वाजता मोठ्या निश्चयाने गजर लावणारा माणूस आणि पहाटे साडेपाच वाजता तो गजर बंद करणारा माणूस यांची एकमेकांशी फारशी ओळख नसते. रात्रीच्या माणसाला सगळे सोपे वाटते, कारण उठण्याचे कष्ट त्या क्षणी त्याला करायचे नसतात. पहाटेच्या माणसाला पांघरुणाच्या उबेपलीकडचे काहीच पटत नाही. पहाटे उठून व्यायाम करण्याचे बहुतेक संकल्प या दोघांच्या मध्ये कुठेतरी हरवतात आणि मग आपण स्वतःला आळशी, आरंभशूर किंवा कच्च्या मनाचे ठरवून मोकळे होतो. माझ्या मते यात दोष स्वभावाचा कमी आणि व्यवस्थेचा अधिक असतो. झोपेतून उठल्यावर मेंदू पुरता सावध व्हायला साधारणपणे १५ ते ३० मिनिटे लागतात आणि झोप अपुरी असेल तर त्याहूनही अधिक. शरीराचे तापमान रोजच्या उठण्याच्या वेळेआधी सुमारे दोन तास दिवसातील नीचांकाला असते आणि तिथून ते सावकाश वर चढत असते. अशा अवस्थेत ‘आज जावे की न जावे’ हा प्रश्न मनाला विचारला, तर उत्तर काय येणार हे वेगळे सांगायला नको. पुढे दिलेल्या सगळ्या सूचनांमागे म्हणूनच एक विचार आहे: पहाटेच्या मनावर निर्णयाचे कोणतेही काम सोपवायचे नाही.

सवय नेमकी कशाची लावायची

‘व्यायामाची सवय’ असे आपण सरसकट म्हणतो, परंतु त्यात दोन निराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. पहिली म्हणजे व्यायामाला लागणे, अर्थात ठरलेल्या वेळी अंथरूण सोडून, बूट घालून दाराबाहेर पडणे किंवा सतरंजी अंथरून तिच्यावर उभे राहणे. दुसरी म्हणजे तिथून पुढचा प्रत्यक्ष व्यायाम. ॲलिसन फिलिप्स आणि बेंजामिन गार्डनर या मानसशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या दोन सवयी वेगवेगळ्या मोजल्या होत्या. कोण किती वेळा व्यायाम करतो याचा संबंध त्यांना व्यायामाला लागण्याच्या सवयीशी आढळला. व्यायामाचे प्रकार नेहमीच्याच ठरावीक पद्धतीने पार पाडण्याच्या सवयीशी तो तसा आढळला नाही.

नवशिक्याच्या दृष्टीने हे फार सोयीचे आहे. कोणते व्यायामप्रकार करायचे, किती वेळ करायचे, आज धावायचे की चालायचे, याविषयीचा आपला उत्साह पहिल्या काही आठवड्यांत बाजूला ठेवता येतो आणि सगळे लक्ष एका छोट्या साखळीवर एकवटता येते: गजर वाजला, उठलो, पाणी प्यायलो, बूट घातले, दार उघडले. ही साखळी रोज त्याच क्रमाने आणि शक्यतो त्याच वेळी व्हावी, कारण सवय म्हणजे एका विशिष्ट खुणेशी जोडली गेलेली कृती असते आणि खूण रोज बदलली तर जोड पक्की होत नाही. दार उघडल्यानंतर काय करायचे ते बदलले तरी चालते; उलट त्यात थोडा बदल असला तर कंटाळा लांब राहतो.

पहिले दोन आठवडे व्यायाम इतका सोपा ठेवावा, की त्याला व्यायाम म्हणायलाही थोडा संकोच वाटावा. दहा मिनिटांचे चालणे पुरे आहे. हा सल्ला ऐकून बहुतेक जण मान डोलावतात आणि दुसऱ्याच दिवशी पाऊण तास धावून येतात. तिसऱ्या दिवशी पोटऱ्या भरून येतात, जिना उतरणे कठीण होते आणि पहाटेच्या गजराचे नाते वेदनेशी जुळते. व्यायामाची सवय नसलेल्या स्नायूंवर अचानक ताण आला, तर दुखणे लगेच जाणवत नाही; ते एक ते तीन दिवसांनी शिगेला पोहोचते. म्हणजे नेमके संकल्पाचा पहिला उत्साह ओसरू लागतो तेव्हाच. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण असा आरंभ करणाऱ्यांच्या वाट्याला चारसुद्धा येत नाहीत.

पहाट आदल्या संध्याकाळी सुरू होते

पहाटेच्या व्यायामाविषयीचे माझे सगळ्यात ठाम मत असे आहे, की तो झोप कापून करू नये. प्रौढ व्यक्तीला रात्री किमान ७ तास झोप हवी, अशी झोपेच्या क्षेत्रातील तज्ज्ञ संस्थांची शिफारस आहे. साडेपाचला उठायचे असेल, तर साडेदहापर्यंत झोप लागलेली असावी आणि त्यासाठी दहाच्या सुमारास अंथरुणावर पाठ टेकलेली असावी. हा हिशेब कागदावर मांडून पाहावा. रात्रीची कामे, घरातील माणसांच्या वेळा, कामावरून परतण्याची वेळ हे सगळे धरून तो बसत नसेल, तर उठण्याची वेळ पुढे ढकलावी. झोपेचे कर्ज काढून केलेला व्यायाम पंधरा दिवस निभतो. त्यानंतर शरीर वसुलीला येते आणि त्या वसुलीला आपण ‘प्रेरणा संपली’ असे नाव देतो.

आता वेळ बदलण्याविषयी. माणसाच्या शरीरातील जैविक घड्याळाचे एक आवर्तन सरासरी २४ तासांपेक्षा किंचित मोठे असते. त्यामुळे उशिरा झोपणे आपल्याला सहज जमते आणि लवकर झोपणे मात्र जड जाते. रोज सातला उठणाऱ्याने उद्यापासून एकदम साडेपाचला उठायचे ठरवले आणि त्यासाठी रात्री दहालाच दिवे मालवले, तरी तो बराच वेळ छताकडे पाहत पडून राहण्याचीच शक्यता अधिक, कारण त्याच्या घड्याळाप्रमाणे रात्र अजून झालेली नसते. हे घड्याळ मागे आणायचे तर दर तीन-चार दिवसांनी गजर पंधरा मिनिटे अलीकडे घ्यावा. दीड तासाचे अंतर अशा सहा टप्प्यांत, म्हणजे साधारण तीन ते साडेतीन आठवड्यांत कापले जाते. सुरुवात उठण्याच्या वेळेपासून करावी. उठण्याची वेळ पक्की धरली, की झोप येण्याची वेळ आपोआप तिच्यामागून सरकू लागते.

प्रकाश हे या घड्याळाला वळवण्याचे सर्वांत प्रभावी साधन आहे. डोळ्याच्या पडद्यावर काही पेशी अशा असतात, की त्यांचे मुख्य काम दृश्य दाखवण्याचे नसून किती उजेड आहे याची बातमी मेंदूतील मुख्य घड्याळापर्यंत पोहोचवण्याचे असते. सकाळी मिळालेला भरपूर उजेड घड्याळ अलीकडे ओढतो, तर रात्री उशिरा मिळालेला उजेड ते पलीकडे ढकलतो. यावरून दोन गोष्टी कराव्यात. उठल्याबरोबर खिडकीचा पडदा सारावा आणि बाहेर अंधार असेल तर खोलीतला सर्वांत प्रखर दिवा लावावा. आणि झोपण्यापूर्वीचा तासभर दिवे मंद ठेवून मोबाइलचा पडदा दूर ठेवावा. चहा-कॉफी पिणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. शरीरात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मे बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात, आणि व्यक्तीपरत्वे हा काळ बराच कमी-अधिक असतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफीननेसुद्धा झोप एका तासाहून अधिक घटल्याचे दिसले. ही मात्रा मोठी आहे, एका कपात एवढे कॅफीन नसते; तरीही पहाटे उठू पाहणाऱ्याने दुपारनंतरचा कप सोडून पाहावा.

सुटीच्या दिवशी काय करायचे, हा प्रश्न हमखास येतो. आठवडाभर साडेपाचला उठून रविवारी नऊला उठणारा माणूस सोमवारी पहाटे परदेशप्रवासातून परतल्यासारखा उठतो. सुटीच्या दिवशी फार तर तासभर अधिक झोपावे. त्याहून अधिक झोपेची गरज वाटत असेल, तर ती आठवड्यातील रात्री अपुऱ्या पडत असल्याची खूण समजावी.

येथे एक अपवाद मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. काही माणसे प्रकृतीनेच उशिरा झोपणारी आणि उशिरा उठणारी असतात. याला अनुवंशाचा आधार आहे आणि वयाचाही: पौगंडावस्थेत घड्याळ उशिराकडे झुकते, उतारवयात ते पुन्हा लवकरकडे येते. अशा माणसाने पहाटे पाचचा हट्ट धरू नये. त्याच्यासाठी सात वाजता केलेला व्यायाम हाच पहाटेचा व्यायाम आहे, आणि पाच वाजता उठणाऱ्याला तो कोणत्याही नैतिक पातळीवर खालचा वाटण्याचे कारण नाही.

झोपेची व्यवस्था लागली, की उरते ती सामानाची. कपडे, मोजे, बूट, पाण्याची बाटली, किल्ली हे सगळे एका जागी आणि घालायच्या क्रमाने ठेवावे. अंधारात मोज्याची जोडी शोधणे ही क्षुल्लक गोष्ट आहे, परंतु पहाटेच्या मनाला परतण्यासाठी तेवढे निमित्त पुरते. उद्याचा व्यायामही रात्रीच एका चिठ्ठीवर लिहून ठेवावा: ‘वीस मिनिटे चालणे, मैदानाला तीन फेऱ्या’. चिठ्ठी लिहिताना आपण शुद्धीवर असतो. ती वाचताना फक्त आज्ञा पाळायची असते.

गजर हाताच्या टप्प्यात नसावा, हा सल्ला जुना आहे आणि बरोबरही आहे, मात्र तो अपुरा आहे. मी स्वतः गजर शेजारच्या खोलीत ठेवून पाहिला होता. चार दिवस उठून तो बंद केला आणि पाचव्या दिवशी तो बंद करून त्याच खोलीतल्या सोफ्यावर झोपलो. त्यानंतर गजर बूट ठेवण्याच्या जागेजवळ गेला. तिथे बसायची सोय नव्हती आणि बूट समोरच होते. तात्पर्य, गजर लांब ठेवण्यापेक्षा तो साखळीतील पुढच्या वस्तूजवळ ठेवणे अधिक उपयोगी ठरते. गजर पाच-दहा मिनिटांसाठी पुढे ढकलण्याची सोय मात्र बंदच करून टाकावी. त्या वाढीव झोपेने शरीराचे काय होते हा भाग सोडला, तरी प्रत्येक वेळी गजर पुन्हा वाजतो तेव्हा जावे की न जावे हा रात्रीच निकालात काढलेला प्रश्न नव्याने उभा राहतो.

पहिली दहा मिनिटे

उठल्यावर लगेच जोरात व्यायाम सुरू करू नये. स्नायू थंड असतात, सांधे आखडलेले असतात आणि मणक्यांमधील चकत्यांनी रात्रभरात पाणी शोषून घेतलेले असते. सकाळी आपली उंची रात्रीपेक्षा सेंटिमीटरभर किंवा थोडी अधिक भरते ती यामुळेच. फुगलेल्या चकत्यांवर पुढे वाकण्याचा ताण अधिक येतो, म्हणून पाठदुखीचा त्रास असलेल्यांनी उठल्या उठल्या पायाच्या अंगठ्यांना हात लावण्याचे किंवा वाकून वजन उचलण्याचे व्यायाम टाळावेत. आधी पाच ते दहा मिनिटे सावकाश चालावे, खांदे, कंबर आणि घोटे हळूहळू फिरवावेत, श्वास थोडा जलद झाला आणि अंगात ऊब आली की मग वेग वाढवावा. संध्याकाळी व्यायाम करणाऱ्यापेक्षा पहाटे करणाऱ्याला यासाठी अधिक वेळ द्यावा लागतो. तो वेळ व्यायामातून वजा न करता त्याचाच भाग मानावा.

या दहा मिनिटांचे मानसिक अंगही महत्त्वाचे आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले, की व्यायामापूर्वी लोक त्यातून मिळणाऱ्या आनंदाचा अंदाज कमी बांधतात, आणि याचे एक कारण म्हणजे व्यायामाचा विचार करताना त्यांचे लक्ष सुरुवातीच्या नकोशा भागावर खिळलेले असते. पहाटे अंथरुणात पडून आपण नेमके हेच करत असतो. आपल्या डोळ्यांसमोर थंड फरशी, जड पाय आणि पहिला चढ येतो. विसाव्या मिनिटाला मोकळा झालेला श्वास येत नाही. यावर एक साधा करार उपयोगी पडतो. दहा मिनिटे पूर्ण होईपर्यंत कसलाही निर्णय घ्यायचा नाही, आणि दहा मिनिटांनंतरही नको वाटले तर खुशाल परतायचे. ही परवानगी खरी असली पाहिजे. परतल्यावर स्वतःला बोल लावला, तर पुढच्या वेळी मन त्या करारावर विश्वास ठेवणार नाही. प्रत्यक्षात परत फिरण्याची वेळ फार क्वचित येते.

व्यायाम संपल्यावर लगेच एका ओळीत आपल्याला कसे वाटले ते लिहून ठेवावे. किती अंतर, किती वेळ यापेक्षा ही ओळ मोलाची असते, कारण पुढच्या आठवड्यातील एखाद्या जड पहाटेच्या आदल्या रात्री ती वाचता येते आणि तिच्यावर अविश्वास दाखवणे कठीण असते. अक्षर आपलेच असते.

संकल्प कसा लिहावा

‘मी रोज व्यायाम करीन’ हे वाक्य ऐकायला चांगले असले, तरी त्यात वेळ नाही, जागा नाही आणि अडचण आल्यास काय करायचे तेही नाही. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी वेगळ्या धाटणीच्या संकल्पाचा अभ्यास केला. त्याची रचना ‘जेव्हा अमुक होईल, तेव्हा मी तमुक करीन’ अशी असते. या पद्धतीची व्यायामाच्या बाबतीत ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांवर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. आठवड्यातून एकदा किमान २० मिनिटे जोमाचा व्यायाम करणे एवढेच उद्दिष्ट होते. ज्या गटाला काहीच विशेष सांगितले नव्हते, त्यातील ३८ टक्के विद्यार्थ्यांनी ते गाठले. व्यायामाने हृदयविकाराचा धोका कसा कमी होतो, हे पटवून देणारा मजकूर वाचलेल्या गटात हे प्रमाण ३५ टक्के राहिले. तोच मजकूर वाचून शिवाय कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कुठे व्यायाम करणार हे लिहून दिलेल्या गटात मात्र ९१ टक्के विद्यार्थ्यांनी तो केला. महत्त्व पटल्याने माणूस अंथरूण सोडतो या आपल्या समजुतीला हे आकडे चांगलाच धक्का देतात, आणि प्रेरणादायी चित्रफिती पाहण्यात रात्रीचा तासभर घालवणाऱ्यांनी त्यावर जरूर विचार करावा.

मुख्य संकल्पाबरोबर अडचणींचे संकल्पही त्याच धाटणीत लिहावेत, कारण पहाटेचा व्यायाम मोडतो तो मुख्यतः किरकोळ अडथळ्यांनी. पाऊस पडत असेल, तर घरातच पंधरा मिनिटे जागच्या जागी चालेन आणि भिंतीला टेकून जोर काढीन. रात्री बारानंतर झोपलो, तर गजर तासभर पुढे लावीन आणि फक्त दहा मिनिटे चालेन. प्रवासात असेन, तर खोलीतच बूट घालून शरीर ताणण्याचे व्यायाम करीन. मूल रात्रभर जागवेल, तर व्यायाम सोडून झोपेन आणि दुपारी जेवणाच्या सुटीत चालायला जाईन. शेवटचा संकल्प वाचून काहींच्या भुवया उंचावतील, पण केव्हा सोडायचे हे आधी ठरवलेले असले, म्हणजे ऐनवेळी घेतलेली सवलत वाटेल तशी ताणली जात नाही. अशी चार-पाच वाक्ये पुरतात. वीस वाक्यांची यादी कोणी लक्षात ठेवत नाही.

किती दिवस लागतात, आणि खाडा पडला तर

एकवीस दिवसांत सवय लागते, असे सर्रास सांगितले जाते. या आकड्याचा उगम १९६० मध्ये एका अमेरिकी प्लास्टिक सर्जनने नोंदवलेल्या निरीक्षणात आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात, एवढेच त्यांनी पाहिले होते. पुढे ‘किमान’ हा शब्द गळाला आणि चेहऱ्याच्या जागी कोणतीही सवय आली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा प्रत्यक्ष माग ठेवला, तेव्हा कृती आपोआप होऊ लागण्याच्या टप्प्यापर्यंत पोहोचायला लागलेल्या दिवसांचा मध्यांक ६६ आला आणि व्यक्तिगणिक हा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. एक पेला पाणी पिण्यासारख्या सोप्या गोष्टी लवकर रुळल्या, व्यायामाला अधिक वेळ लागला. त्यामुळे बाविसाव्या पहाटे उठणे जड गेले, तर आपल्यात काही उणे आहे असे समजू नये. तीन महिने हा अधिक प्रामाणिक अंदाज आहे आणि काहींना त्याहूनही अधिक काळ लागेल.

याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष मला अधिक दिलासादायक वाटतो. मध्येच एखादा दिवस चुकला, तर सवय जडण्याच्या प्रक्रियेवर त्याचा म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. खाड्याने जे नुकसान होते, ते बहुधा खाड्यानंतरच्या विचाराने होते. ‘आता मोडलेच आहे, तर पुढच्या सोमवारपासून नव्याने सुरू करू’ असे म्हणून एका दिवसाचा खाडा आठवड्याचा होतो. त्यामुळे नियम असा ठेवावा, की एक खाडा माफ आहे, परंतु सलग दोन नाहीत. दुसऱ्या दिवशी पूर्ण व्यायाम जमणार नसेल, तर पाच मिनिटांचा करावा, तेवढाही होत नसेल तर बूट घालून दाराबाहेर एक फेरी मारून यावे. हास्यास्पद वाटले तरी साखळी तेवढ्याने जिवंत राहते, आणि पहिल्या महिन्यांत आपण शरीरापेक्षा साखळीच घडवत असतो.

भिंतीवरील दिनदर्शिकेत खुणा करण्याची पद्धत चांगली आहे, फक्त ओळीत किती दिवस झाले ते मोजण्यापेक्षा महिन्यात किती दिवस झाले ते मोजावे. सलग चाळीस दिवसांचा विक्रम मोडला की माणूस खचतो. महिन्यात तीसपैकी चोवीस दिवस झाले असतील, तर तो समाधानी असतो. दोन्ही माणसांनी व्यायाम कदाचित तितकाच केलेला असतो. शिवाय आजारपणात, ताप अंगात असताना, केवळ विक्रम टिकवण्यासाठी घराबाहेर पडण्याचा वेडेपणा या मोजणीत टळतो.

मन कशाने लागते

वजन कमी होणे, रक्तदाब आटोक्यात राहणे ही फळे खरी आहेत, पण ती महिन्यांनंतर मिळतात आणि अंथरुणाची ऊब आत्ता मिळत असते. या असमान झुंजीत व्यायामाच्या बाजूलाही काहीतरी लगेच मिळणारे असावे. कॅथरिन मिल्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना उत्कंठावर्धक कादंबऱ्यांची ध्वनिमुद्रणे दिली होती, मात्र ती केवळ व्यायामशाळेतच ऐकता येत. सुरुवातीला हा गट इतरांच्या तुलनेत ५१ टक्के अधिक वेळा व्यायामशाळेत गेला. हा फरक काळाबरोबर ओसरत गेला आणि मध्ये मोठी सुटी आल्यानंतर तर तो जवळजवळ नाहीसा झाला. मला यात दोन धडे दिसतात. आवडती मालिका, संगीत किंवा पुस्तक व्यायामाच्या वेळेसाठीच राखून ठेवावे आणि इतर वेळी ते ऐकण्याचा मोह आवरावा, हा पहिला. दुसरा असा, की सुटीवरून परतण्याचा दिवस आधीच ठरवून तो नव्या आरंभासारखा लिहून काढावा, कारण जुनी गोडी सुटीनंतर आपोआप परत येत नाही. रस्त्याने चालताना किंवा धावताना कानात काही घातले असेल, तर वाहनांचा आवाज ऐकू येईल एवढाच आवाज ठेवावा, हेही येथेच सांगून टाकतो.

सोबती मिळाला तर उत्तम. कोपऱ्यावर कोणी आपली वाट पाहत उभे आहे ही जाणीव कोणत्याही गजरापेक्षा अधिक जोराने वाजते. सोबती निवडताना मात्र त्याच्या वेगापेक्षा त्याचा वक्तशीरपणा पाहावा, आणि तो आला नाही तर आपण काय करणार याचा संकल्पही लिहून ठेवावा. दोघांपैकी एकाच्या आळसाने दोघांचाही व्यायाम बुडाल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

किती आणि कसा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमाचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत. बोलता येते पण गाता येत नाही, एवढा दम लागला तर तो मध्यम व्यायाम समजावा. काही शब्दांनंतर श्वासासाठी थांबावे लागले तर जोमाचा. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालले, की किमान मर्यादा गाठली जाते. साखळी पक्की झाल्यानंतर दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवत या आकड्यापर्यंत पोहोचावे.

हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी, व्यायाम करताना छातीत दुखत किंवा चक्कर येत असल्यास त्यांनीही, सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पहाटे रक्तदाब स्वाभाविकपणे वाढत असतो, त्यामुळे अशा व्यक्तींना सावकाश सुरुवातीचा नियम दुपटीने लागू होतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम केल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते, म्हणून आधी काय खावे आणि औषधाची मात्रा कशी असावी हे त्यांनी स्वतःच्या मनाने ठरवू नये.

काही महिन्यांनी एखाद्या पहाटे गजर वाजण्यापूर्वीच जाग येते आणि गंमत म्हणजे त्या दिवशी आपण उठायचे की नाही याचा विचारही केलेला नसतो. बूट घालून झाल्यावरच ते ध्यानात येते. तरीही गजर लावणे इतक्यात बंद करू नये. हिवाळ्यात उजाडायला उशीर होऊ लागला, की शरीराच्या घड्याळाला मिळणारी पहाटेची खूण नाहीशी होते, आणि तेव्हा बुटांशेजारचा तो गजर व खोलीतला प्रखर दिवा पुन्हा काही आठवडे कामाला लावावे लागतात.